सवयीने येणाऱ्यांना येऊ द्या

मा. संपादक,
स. न.

चर्चमधल्या ‘सवयीच्या भक्तां’ची टर उडवणारा तुमच्या पुरवणीतला लेख वाचून कालच लिहायला बसले होते. राग उतरू द्यावा म्हणून थांबले. उतरलेला नाही.

लेखकमहाशयांनी बाकांवर बसलेल्यांचे दोन गट पाडले आहेत. एक मनापासून येणाऱ्यांचा, दुसरा पाय आपोआप वळतात म्हणून येणाऱ्यांचा. पहिले डोळे मिटतात, हात उंचावतात, गाताना त्यांचा कंठ दाटून येतो. दुसरे घड्याळ बघतात. निवाडा इतका सोपा असता तर न्यायाच्या दिवसाची गरजच काय होती? दारात एक स्वयंसेवक उभा केला की भागले असते.

माझे यजमान गेले त्यानंतर बराच काळ मला प्रार्थना जमत नव्हती. शब्द फुटत नसत, फुटले तर ते देवाशी भांडायला. तरी रविवारी मी चर्चला जात होते, कारण रविवारी जायचे असते. बस्स, दुसरे काही कारण नव्हते. अशाच एका उपासनेत स्तुतिगीते चालू असताना मी बसून राहिले. माईक हातात असलेल्या तरुणाने गाणे मध्येच थांबवले आणि म्हणाला, “आपल्यात काही जण आज फक्त शरीराने आले आहेत. त्यांनी उभे राहून हात वर करावेत.” माना वळल्या. मी उभी राहिले, हातही वर केले. त्या सबंध उपासनेत मी खोटेपणाने केलेली तेवढीच एक गोष्ट, आणि नेमक्या त्याच गोष्टीवर तो मुलगा मोठ्याने “हालेलूया” म्हणाला. नंतर दाराशी पाळकसाहेबांनीही हात हातात घेऊन सांगितले, “आज तुम्हाला आशीर्वाद मिळाला, दिसलं आम्हाला.” मी हो म्हटले. काय बोलणार?

त्या दिवसांत मला सोबत होती ती बायबलातल्या ८८ व्या स्तोत्राची. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते. तरी तेही मुख्य गवयासाठी, म्हणजे उपासनेत गाण्यासाठीच रचलेले आहे. ते गाताना हात कुठवर उंच करायचे, हे लेखकांनी सांगावे.

यशया आणि आमोस या बायबलातल्या संदेष्ट्यांचे दाखले त्यांनी दिलेत, पण अर्धेच. यशयाच्या पहिल्या अध्यायातले लोक मुळीच कंटाळलेले नव्हते. सण, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, यज्ञ, प्रार्थनांवर प्रार्थना, सगळे जोरात चालले होते. देवाचा आक्षेप होता त्यांच्या रक्ताने भरलेल्या हातांवर. अनाथाचा न्याय करा, विधवेचा कैवार घ्या, असे तिथे म्हटले आहे. (हात वर करायला लावलेली ती बाई विधवाच होती, हे सहज आठवले म्हणून.) आमोसाने तर तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा असेच सुनावले. त्या बिचाऱ्याने स्पीकरच्या भिंती पाहिल्याही नव्हत्या.

आणि सवय ही काय इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे? नासरेथच्या सभास्थानात येशू शब्बाथ दिवशी गेला तो आपल्या परिपाठाप्रमाणे, असे लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे. संदेष्टा दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा, राजाची मनाई निघाली त्या दिवशीही. बायबलातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’त सवयीला दोष दिला आहे खरा, पण तो एकत्र न जमण्याच्या सवयीला.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली घ्या. दीक्षा होऊन जवळजवळ दहा वर्षे झालेला हा पाळक २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेला गेला तो अगदी अनिच्छेने. रोजनिशीत त्याने स्वतःच तसे नोंदवले आहे. अंतःकरणात विश्वासाची ती प्रसिद्ध ऊब त्याला जाणवली ती तिथेच. दारात कोणी “मनापासून आलात का?” विचारले असते, तर प्रामाणिक माणूस होता, परत गेला असता.

जबरदस्तीबद्दल लेखकांशी माझा वाद नाही. इंग्लंडात १५५९ च्या कायद्याने चर्चला गैरहजर राहणाऱ्याला दर खेपेला बारा पेनी दंड होता. अशाने बाके भरतात, भक्ती वाढत नाही, कबूल. पण आपल्या पायांनी येऊन गुपचूप मागच्या बाकावर बसणाऱ्याला ढोंगी ठरवायचा अधिकार लेखकांना कोणी दिला?

जाता जाता आणखी एक. ‘आत्म्याने व खरेपणाने’ उपासना करण्याचे वचन तुम्ही योहान २:२४ असे छापले आहे. ते ४:२४ आहे. खऱ्या उपासनेवर अर्धे पान खर्च करताना ते वचन कोणी उघडून पाहिले नाही का? शिवाय माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तुम्ही ‘जागेअभावी’ गाळलात, आणि खाली टायरची जाहिरात ऐसपैस पसरली होती. या वेळी कापायचेच झाले तर वेस्ली कापा.

आपली,
एक वाचक