ताई, तुमचे ते दोन रिकामे चौकोन

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आखून दिलेल्या सहलीवरून आई नेपाळमधल्या मुक्तिनाथचं दर्शन घेऊन सुखरूप घरी आली, त्याला आज आठ दिवस झाले. दादरला तुमच्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात येऊन आभार मानले असते, पण तिथे फोन वाजत असताना चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. शिवाय, ज्यांच्या घरी आई-वडिलांनी मुक्तिनाथचा ध्यास घेतलाय, त्यांनीही हे वाचावं असं वाटलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा दुसरीकडून आणलेला पाच दिवसांचा कार्यक्रम माझ्या हातात होता. शेवटच्या दिवशी सकाळी जोमसोमहून, म्हणजे मुक्तिनाथच्या खालच्या विमानतळाच्या गावाहून, निघायचं आणि त्याच संध्याकाळी काठमांडूहून मुंबईचं विमान धरायचं. माझी रजा वाचत होती म्हणून मी खूश होतो. तुम्ही कागद वाचलात आणि दराचं काही न बोलता म्हणालात, "आधी ओळखपत्रं दाखवा." मी दोघांची आधार कार्डं पुढे केली. आई ७२ वर्षांची, ६५ च्या वरच्यांना आधार चालतं. मला मात्र पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागणार होतं. नेपाळला व्हिसा नाही, म्हणजे कागदच नकोत असं मी धरून चाललो होतो. पासपोर्टची मुदत केव्हाच संपली होती. मतदार कार्ड साताऱ्याच्या घरून मागवलं, तेव्हा कुठे तुम्ही तिकिटांना हात लावलात.

मग तुम्ही एका कोऱ्या कागदावर आठ चौकोन आखलेत, एका दिवसाला एक. त्यातल्या दोनांवर लाल पेनाने फुली मारलीत आणि म्हणालात, "इथे काही ठरवायचं नाही." मी बराच हट्ट केला. तुम्ही शांतपणे समजावलंत: धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात ऊन चढलं की वारा असा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच काय ती उडतात. सकाळ ढगांत गेली, तर तो दिवस गेला. प्रत्येक तिकीट वेगळं, त्यामुळे एक विमान रद्द झालं म्हणून पुढचं आपल्यासाठी थांबत नाही. आणि पोखऱ्याहून एकदम मुक्तिनाथला, ३,७०० मीटरच्या वर, न जाता जोमसोमला एक मुक्काम हवाच, हेही तुम्हीच लिहिलंत. आईला वर चढताना दम लागला, पण डोकं दुखलं नाही.

पाचव्या दिवशी तुमचं बोलणं खरं ठरलं. सहा वाजल्यापासून आम्ही जोमसोमच्या विमानतळावर बसून होतो. पोखऱ्याकडे ढग होते. साडेदहाला धावपट्टीवरची वाऱ्याची पिशवी फुगून आडवी झाली, आणि काउंटरवरच्या मुलाने काही सांगायच्या आतच आईने शालीची घडी घातली. तेवढ्यात तुमचा फोन आला. "जीप बाहेर उभी आहे. आईंना पुढच्या सीटवर बसवा, अंधाराच्या आत बेनी गाठा." आम्ही मुंबईहून निघायच्या आधीच तुम्ही ती जीप सांगून ठेवली होती. मला पत्ताही नव्हता.

मार्फा, घासा, तातोपानी, बेनी अशी वाटेतली गावं करत रात्री उशिरा पोखऱ्याला पोचलो. रस्ता असा की आईने दिवसभर वरचा दांडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपली. आम्हाला कुठेही जायचं नव्हतं, कारण तो तुमचा पहिला लाल चौकोन होता! त्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात आमचं मुंबईचं विमान आदल्या संध्याकाळीच निघून गेलं असतं, आणि मी आईला घेऊन परक्या देशात नव्या तिकिटांसाठी वणवण करत असतो. दुसरा चौकोन आईने काठमांडूत पशुपतिनाथाला दिला.

हो, पंधरा मिनिटांचंही राहिलं. नेपाळचं घड्याळ आपल्या पुढे, म्हणून बाबांचं जुनं मनगटी घड्याळ तुम्ही ऑफिसातच आईकडून पुढे करून घेतलंत. ते तिने अजून मागे केलेलं नाही.

मुक्तिनाथच्या १०८ धारांचं तीर्थ तिने एका छोट्या बाटलीत तुमच्यासाठी आणलंय. मी म्हटलं, मी नेऊन देतो. ती म्हणते, नाही, मी स्वतः देणार. शनिवारी अकराला येतो. तुमचा जिना अरुंद आहे, तेव्हा दोन मिनिटं खाली याल का?

तुमचा,
आईचा मुलगा