बाबा, कॉम्प्युटर फॉरमॅटला देऊ नका

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर समजवायला गेले की तुम्ही दोघं एकदम बोलता, आणि मी 'डावीकडे' म्हटलं की आई राउटरच्या डावीकडे बघते. म्हणून लिहूनच पाठवते. आईच्या मोबाइलवर हे उघडून ठेवा आणि एकाने वाचायचं, एकाने माउस धरायचा.

कॉम्प्युटरवर इंटरनेट चालत नाही म्हणून दुकानवाला काहीही म्हणो, मशीन फॉरमॅटला द्यायची नाही. आजीचे स्कॅन केलेले फोटो आणि सोसायटीचा हिशेब, सगळं पुसलं जाईल. तेवढं मोठं दुखणं नाहीच हे. आईचा मोबाइल त्याच वायफायवर चालतोय, म्हणजे लाइन ठीक आणि राउटरही ठीक. केबलवाल्याला परत बोलावू नका, बिचारा येऊन चहा पिऊन जाईल.

बाबांनी स्क्रीनचा फोटो पाठवला त्यात ट्यूबलाइटच जास्त दिसते, पण खालच्या ओळीत 'प्रॉक्सी सर्व्हर' हे शब्द वाचता आले आणि माझा जीव भांड्यात पडला. पीडीएफ जोडायचं ते फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्याबरोबर स्पायवेअर, म्हणजे चोरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं. असली सॉफ्टवेअरं विंडोजला सांगून ठेवतात की बाहेर जाणारं सगळं आधी माझ्या हातात द्यायचं. मग तुम्ही काय उघडता ते बघून ती पुढे सोडतात. असा मधला टप्पा म्हणजेच प्रॉक्सी सर्व्हर. अँटीव्हायरसने स्पायवेअर काढलं, पण विंडोजला दिलेली सूचना तशीच राहिली. बाबा, पाटबंधारे खात्यात जन्म गेला तुमचा: पाट फोडणाऱ्याला हाकललं, पण पाणी अजून त्याच्याच शेताकडे वळतंय.

असला प्रकार मोठ्या प्रमाणावरही झालाय. नोव्हेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियातली एक टोळी उघडकीस आणली. त्यांच्या 'डीएनएसचेंजर' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले सुमारे 40 लाख कॉम्प्युटर गाठले होते. वेबसाइटचा पत्ता विचारायला ते टोळीच्याच सर्व्हरकडे जायचे. ते सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर या सगळ्यांचं इंटरनेट गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते 9 जुलै 2012 पर्यंत चालवले. आपल्याला मात्र हातानेच करायचंय.

स्टार्टवर क्लिक करून सेटिंग्ज उघडा, त्यात 'नेटवर्क अँड इंटरनेट'. डाव्या यादीत अगदी खाली 'प्रॉक्सी' आहे. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर'चं बटण चालू दिसेल आणि खाली बहुधा 127.0.0.1 असा पत्ता. हा पत्ता म्हणजे आपलाच कॉम्प्युटर, घाबरू नका. बटण बंद करा. वर 'यूज सेटअप स्क्रिप्ट' चालू असेल तर तेही बंद. मग ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. बहुतेक इथेच काम होईल.

नाहीच झालं तर त्याच यादीत सगळ्यात वर 'स्टेटस', आणि त्या पानाच्या तळाशी 'नेटवर्क रीसेट'. 'रीसेट नाऊ' दाबलं की मशीन थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन चालू होईल. मध्येच स्विच बंद करू नका. यात फोटो, फायली काही जात नाही. फक्त वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागेल. आई, तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर आहे, मोठी-छोटी अक्षरं बघून टाक.

दुसऱ्या दिवशी ते प्रॉक्सीचं बटण आपोआप चालू झालेलं दिसलं तर स्पायवेअर पूर्ण गेलेलं नाही. मग 'विंडोज सिक्युरिटी'तून फुल स्कॅन लावा. वेळ खातं, रात्री लावून झोपा. आणि पेन्शनच्या बँकेचा पासवर्ड आजच बदला, पण मोबाइलवरून. कॉम्प्युटरवर आधी टाइप केलेला कुणाच्या हाती लागला असेल, सांगता येत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, माझी वाट बघायची नाही. आणि 'तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो' असा कुणाचा फोन आला तर बाबांनी त्याच्याशी इंग्रजीत गप्पा न मारता तो ठेवून द्यावा.

शनिवारी दुपारी फोन करते. तोवर प्रॉक्सीच्या पानाचा एक फोटो पाठवा, ट्यूबलाइट बंद करून.

तुमची,
मनू