तारखा लावणाऱ्या लुईझबाईंना

आदरणीय लुईझ स्क्रग्जबाई,
सादर नमस्कार.

तुम्ही २००६ साली गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. तरी लिहिते. ब्लूग्रास या अमेरिकेतल्या ग्रामीण संगीताच्या गप्पांत अर्ल स्क्रग्ज यांच्या बँजोचं कौतुक होतं, त्यांचे जोडीदार लेस्टर फ्लॅट यांच्या गळ्याचं होतं, आणि तुम्ही ‘अर्ल यांच्या पत्नी’ म्हणून एका ओळीत उरकल्या जाता. मी स्वतः इथे एका लोकसंगीताच्या संचाच्या तारखा सांभाळते, त्यामुळे ती ओळ मला बोचते.

बिल मन्रो यांच्या ब्लूग्रास बँडमधून बाहेर पडून लेस्टर आणि अर्ल यांनी १९४८ साली फॉगी माउंटन बॉईज हा स्वतःचा बँड उभा केला. त्याच वर्षी तुमचं लग्न झालं. पुढची काही वर्षं एका रेडिओ स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर, मोटारीतून भटकण्यात गेली. १९५३ साली नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने पुरस्कृत केलेला भल्या पहाटेचा कार्यक्रम मिळाला, तेव्हा जरा स्थैर्य आलं. (पिठाची जाहिरातही हे लोक इतक्या मजेत गात, की लोक मैफलीत तिची फर्माईश करत!)

१९५५च्या सुमारास बुकिंगचा फोन तुमच्याकडे आला. हिशेबाची कामं केलेली बाई, घरात लहान मुलं, आणि समोर सगळा पुरुषांचा धंदा. आमच्याकडे नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावकरी येतात, सुपारी ठरते. तिथे फडाची बाजू धरून बोलणारं माणूस कच्चं निघालं तर अख्खा हंगाम बुडतो. तुमचं कामही त्याच जातीचं होतं.

पण तुम्ही नुसत्या तारखा भरल्या नाहीत. १९५९ साली अर्ल पहिल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले. शहरातली, कॉलेजातली पोरं हे संगीत कान देऊन ऐकतात, हे तुम्ही हेरलंत आणि बँडला त्यांच्यापर्यंत नेलंत. टेनेसीच्या लोकसाहित्य संस्थेच्या पत्रिकेत पाच तारांच्या बँजोचा इतिहास स्वतः लिहिलात. रेकॉर्डच्या वेष्टनांसाठी टॉमस अ‍ॅलन यांच्यासारखा चित्रकार गाठलात. डिसेंबर १९६२मध्ये हा बँड न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये उभा होता, आणि वाजवत होता तेच, जे गावच्या शाळांतल्या कार्यक्रमांत वाजवायचा.

मला सर्वांत आवडतो तो तुमचा नकार. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत चालून आलं, तेव्हा नावातच खेडवळांची टिंगल दिसते म्हणून तुम्ही नाही म्हणालात. निर्माते पॉल हेनिंग यांनी पहिला भाग दाखवल्यावरच होकार दिलात. मालिकेत आवाज दुसऱ्याचा होता, पण रेकॉर्डवर लेस्टर गायले आणि १९६३च्या सुरुवातीला ते गाणं कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. दारात आलेली सुपारी परत पाठवायला काय लागतं, हे या कामातल्या माणसालाच कळतं.

ही मोठी वाट सगळ्यांना मानवली असं नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस नव्या धाटणीची गाणी लेस्टर यांना रुचेनात, अर्ल यांना मात्र मुलांबरोबर काही वेगळं वाजवायचं होतं. १९६९ साली जोडी फुटली. काहीजण त्याचा ठपका तुमच्यावर ठेवतात. मला ते पटत नाही. दोघांच्या आवडी वेगळ्या झाल्या होत्या, आणि तुम्ही ती फूट झाकली असती तरी स्टेजवर ती ऐकू आलीच असती.

२००७पासून नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तुमच्या नावाने दरवर्षी कार्यक्रम होतो, हे वाचून बरं वाटलं. तिथे १९८५ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज यांची निवड झाली, ती दोनच नावांनी. यादी माझ्या हातात असती तर तिसरंही घातलं असतं.

मनापासून आभार.

आपली,
तारखांची वही सांभाळणारी एक श्रोती