कोणते पुस्तक कुठे मिटायचे, हे सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

कनिष्ठ महाविद्यालयातील नोकरी सांभाळून, कोणत्याही विद्यापीठात नाव न नोंदवता, मूलकण भौतिकीचा अभ्यास घरीच करायचा असे मी चार वर्षांपूर्वी ठरवले. त्या अभ्यासात आपण केलेल्या मदतीबद्दल खासगी पत्रांतून मी अनेकदा आभार मानले आहेत. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण मला जे सांगितले ते याच विषयाच्या पुस्तकांशी एकट्याने झुंजणाऱ्या आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

पुस्तकांची नावे सुचवणारे मला पुष्कळ भेटले होते. त्या नावांत सर्वांत वर होते ते पेस्किन आणि श्रोडर यांचे १९९५ सालचे क्वांटम क्षेत्र सिद्धान्तावरील जाडजूड पुस्तक. मी ते विकत घेतले, पहिले प्रकरण कसेबसे वाचले आणि दुसऱ्यात तीन महिने अडकून पडले. माझ्या हातून हे होणार नाही, असे मनाशी जवळजवळ ठरवूनच मी आपल्याला पहिले पत्र पाठवले होते. आपली-माझी ओळखही नव्हती. तरीही आठ दिवसांत आपले उत्तर आले, आणि त्यासोबत डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या ‘इंट्रोडक्शन टू एलिमेंटरी पार्टिकल्स’ या पुस्तकाची आपली स्वतःची प्रत. आधीचे पुस्तक उत्तमच आहे, पण त्याची वेळ अजून आलेली नाही, तेव्हा ते वरच्या फळीवर ठेवा, असे आपण लिहिले होते. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले, हे मी आपल्याला तेव्हा नीट सांगू शकले नाही.

ग्रिफिथ्स यांचे पुस्तक कसे वाचावे, याचा कागदही आपण आत ठेवला होता. १८९७ मधील इलेक्ट्रॉनच्या शोधापासून सुरू होणारे पहिले प्रकरण गोष्टीसारखे वाचावे, पाचवे सध्या सोडून द्यावे, आणि तिसऱ्यातील एकही गणित सोडू नये, असे त्यात होते. तिसरे प्रकरण सापेक्षतेतील ऊर्जा आणि संवेग यांचे आहे. मला ते येते अशी माझी समजूत होती, कारण मी वर्गात थोडेफार शिकवतेही. पण जागेवर थांबलेल्या पायॉन या अल्पायुषी कणाचा क्षय होऊन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनो (प्रभार नसलेला, अतिशय हलका कण) निघतात तेव्हा म्यूऑनचा वेग किती, या उदाहरणापाशी मी थांबले. पायॉनचे वस्तुमान सुमारे १३९.६ आणि म्यूऑनचे सुमारे १०५.७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान याच एककात मोजतात). ऊर्जा आणि संवेग यांची अक्षय्यता लावली की म्यूऑनची गतिज ऊर्जा जवळपास ४.१ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि वेग प्रकाशाच्या वेगाच्या ०.२७ पट येतो. दुसरे उत्तर संभवतच नाही. हे उत्तर मी आपल्याला कळवले, तेव्हा आपण उलट विचारले की १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे भौतिकशास्त्रज्ञ पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना छायाचित्रण-लेपात (कणाचा मार्ग उमटवणाऱ्या फोटोच्या रसायनाच्या थरात) म्यूऑनचे जे माग दिसले, ते सगळे साधारण ०.६ मिलिमीटर, म्हणजे एकाच लांबीचे का होते. दोनच कण निघत असतील तर प्रत्येक वेळी म्यूऑनला तेवढीच ऊर्जा मिळणार, आणि म्हणून तो लेपात तेवढेच अंतर जाऊन थांबणार. माझ्या वहीतल्या चार ओळींच्या गणिताचा प्रत्यक्ष माग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, हे लक्षात आले त्या रात्री मला झोप लागली नाही.

सहाव्या प्रकरणात फिरकच (स्पिन, म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग) नसलेल्या तीन काल्पनिक कणांचा खेळण्यातला सिद्धान्त येतो. खरे कण सोडून हे कशाला, असे मला वाटले होते. फिरक असलेल्या कणांसाठी लागणाऱ्या डिराक मॅट्रिक्सचे जंजाळ येण्याआधी फाइनमन आकृत्यांचे (कणांच्या परस्परक्रिया रेखाटून गणित मांडण्याच्या पद्धतीचे) नियम हातात बसावेत यासाठी ते आहे, हे आपण समजावले नसते, तर मी ती पाने उलटून पुढे गेले असते आणि सातव्या प्रकरणात पुन्हा तशीच अडकले असते.

त्यानंतर हॅल्झेन आणि मार्टिन यांचे १९८४ सालचे ‘क्वार्क्स अँड लेप्टॉन्स’ हाती घेतले, आणि सगळीकडे चार पाय (४π) हा गुणक कमी-जास्त येऊ लागला. दोन आठवडे मी माझ्या चुका शोधत होते. चूक नव्हतीच. ग्रिफिथ्स गाउसची एकके वापरतात, तिथे इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग भागिले एचबार-सी (एचबार हा प्लांकचा स्थिरांक भागिले २π, सी हा प्रकाशाचा वेग) हा सुमारे १/१३७ असतो; दुसऱ्या पुस्तकात एचबार आणि सी हे दोन्ही एक मानलेले आहेत आणि प्रभाराचा वर्ग भागिले चार पाय हा १/१३७ आहे. पुस्तक बदलले की आधी त्याची एकके आणि चिन्हांचे संकेत वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायचे, ही आपण लावलेली सवय मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही लावते.

हॅल्झेन आणि मार्टिन यांच्या त्या जुन्या पुस्तकासाठी आपण पाठवलेली चिठ्ठी मी मुखपृष्ठाच्या आत चिकटवली आहे: टॉप क्वार्क १९९५, न्यूट्रिनोंचे एका प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर १९९८, हिग्ज बोसॉन २०१२. पुस्तक छापले गेल्यानंतर काय काय घडले, याची ही नोंद. मागच्या बाजूला आपण ‘१९६५, कोलार’ असे लिहिले होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद झाली आणि त्या कामात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, हे मला पदव्युत्तर अभ्यासातही कोणी सांगितले नव्हते. न्यूट्रिनो आणि हिग्ज यांच्यासाठी मार्क थॉमसन यांचे २०१३ चे पुस्तक वाचावे, हा आपला सल्लाही अचूक ठरला. कणांची वस्तुमाने आणि आयुर्मर्यादा मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकातून न घेता पार्टिकल डेटा ग्रुप या कणांची मोजमापे संकलित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या कोष्टकांतूनच घ्यायची, हे पथ्य मी पाळते.

गेल्या महिन्यात वरच्या फळीवरचे ते पुस्तक खाली काढले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करून म्यूऑनची जोडी निर्माण करतात, त्या प्रक्रियेनेच त्याचे पहिले प्रकरण सुरू होते. तिचा एकूण काटछेद (ती प्रक्रिया घडण्याची शक्यता मोजणारी राशी) चार पाय गुणिले आल्फाचा वर्ग, भागिले एकूण ऊर्जेच्या वर्गाची तिप्पट, असा येतो; आल्फा म्हणजे वर आलेला तोच १/१३७. तोच मी ग्रिफिथ्स यांच्या पद्धतीने काढला, तेव्हा उत्तरात चार पटींचा फरक दिसला. पण या वेळी मी घाबरले नाही. ग्रिफिथ्स यांच्याकडे ऊर्जा एका कणाची धरलेली आहे, एकूण नव्हे, हे मला माझे मलाच सापडले. हॅल्झेन आणि मार्टिन यांच्याशीही ते जुळले. तिन्ही पुस्तके टेबलावर उघडी होती आणि उत्तर एकच होते.

आपली ग्रिफिथ्सची प्रत या पत्रासोबतच नोंदणीकृत टपालाने परत पाठवत आहे. समासातील आपल्या पेन्सिलच्या खुणा जशाच्या तशा आहेत. माझ्या खुणा वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून निळ्या पेन्सिलने केल्या आहेत, आणि पाचव्या प्रकरणात त्या आता सुरू झाल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका