आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : म्हाताऱ्यांना 'आराम करा' सांगणे थांबवा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या सभागृहात ज्येष्ठांचा व्यायामवर्ग चालायचा. गेल्या आठवड्यात तिथे कुलूप लागले आणि दारावर चिठ्ठी आली, 'निधीअभावी वर्ग बंद'. उद्घाटनाला आपण स्वतः आला होतात आणि हा वर्ग कधीही बंद पडू देणार नाही, असे भरसभेत सांगून गेला होतात. त्या शब्दाचे काय झाले, हे विचारायला हे पत्र.

त्या वर्गात काय चालायचे ते सांगते. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहायचे, तोल जमू लागला की एकेक बोट सोडत जायचे. बघणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्याला हात न टेकता उठता येते, त्याला संडासला एकट्याने जाता येते. म्हातारपणी अब्रू म्हणतात ती एवढीच असते, साहेब.

माझे यजमान न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी सोडताना सांगितले, 'आता वय झालंय, आराम करू द्या.' आम्ही आराम करू दिला आणि डोळ्यांदेखत मांड्यांच्या काड्या झाल्या. धडधाकट ज्येष्ठांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडते, हे 2007 सालीच संशोधनात दिसले आहे. आम्हाला हे कोणीच का सांगितले नाही? पुढे या वर्गानेच त्यांना वॉकरवरून काठीवर आणले. आता वर्ग बंद, आणि ते पुन्हा पलंगाला धरून उभे राहतात.

आणि माझे काय? त्यांना उठवता-बसवता माझी कंबर गेली. रात्री ते कुशीवर वळले तरी मला जाग येते, पुन्हा पडले तर या भीतीने. माझे बाहेर पडणे बंद झाले, मैत्रिणी तुटल्या, माझेही गुडघे आखडले. एक माणूस पडतो तेव्हा घरात दोघे आजारी पडतात. आपल्या कुठल्या अहवालात हा दुसरा माणूस मोजला जातो?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पासष्टीनंतरही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम हवेत. जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडून मरतात, त्यांत सर्वाधिक साठीपुढची. व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने घटते. 1990 साली नव्वदीतल्या माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नव्वदीतल्या! आणि आमच्या सत्तरीतल्या माणसाला पडून राहा म्हणून सांगतात.

हे सगळे आपल्या खात्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. हाड मोडले की शस्त्रक्रियेला पैसा निघतो, पण ते मोडू नये म्हणून एक शिक्षक आणि वीस खुर्च्या द्यायच्या तर निधी संपतो. कारण खाटा मोजता येतात, इमारतीला फीत कापता येते. न पडलेल्या माणसाचा फोटो निघत नाही. सारी व्यवस्थाच आम्ही पडण्याची वाट बघत बसली आहे. पदपथ उखडलेले, चालताना दम लागला तर टेकायला बाक नाही, सिग्नल निम्मा रस्ता ओलांडेपर्यंत बदलतो. मग म्हणायचे, म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत! 2021 ते 2030 हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले आहे. त्यातली निम्मी वर्षे गेली, आणि आमच्या वाट्याला कुलूप आले.

वर्ग पुन्हा सुरू करा. शिक्षकाचे मानधन कायमच्या तरतुदीत घाला. रुग्णालयातून घरी सोडताना प्रत्येक ज्येष्ठाला कोणता व्यायाम कधीपासून करायचा, हे लेखी द्या. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे' असे उत्तर पाठवू नका, तसली पत्रे घरात पडून आहेत. कुलूप कोणत्या तारखेला निघणार, तेवढे कळवा.

आपली,
एक ज्येष्ठ नागरिक