अमेझॉनमध्ये एकर कितीला?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेझॉनच्या जंगलातल्या नदीकाठच्या गावावर पानभर लेख छापला. फोटो एक नंबर होते, लाल-निळे पोपट, गुलाबी डॉल्फिन, खांबावरची घरं, झोळीत झोपलेलं लेकरू, सगळं आलं. फक्त ते घर उभं आहे ती जागा कुणाच्या नावावर आहे, आन त्या लेकराला रात्री ताप भरला तर नेतात कुठं आणि कशात, एवढं सोडून.

मी गंगापूरला तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र हेच लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं मला दुसरं काही दिसतच नाही असं घरचे म्हणतात, म्हणू द्या. पण तो लेख वाचून माझ्या टेबलावर पोपटाबद्दल कुणीच विचारलं नाही. महामार्गात जमीन गेलेला एक पोरगा, मोबदल्याचे थोडे पैसे अजून शिल्लक असलेला, पेपर घेऊन आला आन म्हणतो, काका, तिथं एकर कितीला असंल हो?

हसू नका. 2021 मध्ये बीबीसीनं दाखवलं होतं की ब्राझीलमध्ये लोक अमेझॉनचं जंगल चक्क फेसबुक मार्केटप्लेसवर विकायला टाकायचे, त्यात आदिवासींच्या राखीव जमिनीसुद्धा, आन विकणाऱ्याकडं मालकीचा कागदच नाही. बोंबाबोंब झाल्यावर फेसबुकनं राखीव भागातल्या जमिनीच्या जाहिरातींवर बंदी घातली. तिथं 2012 च्या वनकायद्यापासून एक ऑनलाइन नोंदणी आहे, ज्याची जमीन त्यानं स्वतःच नकाशा टाकून सांगायचं की एवढी माझी आन त्यात एवढं जंगल. ती नोंद पर्यावरणासाठीची, मालकीशी तिचा संबंध नाही, पण लोक तोच प्रिंटआऊट दाखवून सौदे करतात. म्हणजे उद्या माझ्याकडं कुणी ई-पीक पाहणीचा, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाईलवर स्वतःच केलेल्या पिकाच्या नोंदीचा, फोटो घेऊन यावं आन म्हणावं, चला, खरेदीखत लिहा!

ऑनलाइन नव्हतं तेव्हाही तिथले लोक काही कमी नव्हते. खोटा कागद तयार करायचा, तो पेटीत रातकिड्यांसोबत बंद करून ठेवायचा, किडे कडा कुरतडणार, वर घाण करणार, कागद पिवळा पडणार, झाला आजोबाच्या काळातला दस्त, असं सांगतात. आमच्या धंद्यात चहाच्या पाण्यात स्टॅम्पपेपर बुडवणारे महाभाग मी ऐकून आहे पण रातकिड्यांपर्यंत कुणाचं डोकं गेलेलं नाही.

असो. तर त्या पोराला जे सांगितलं तेच इथं लिहितो. ब्राझीलच्या 1988 च्या राज्यघटनेनं आदिवासींच्या जमिनी केंद्र सरकारच्या मालकीच्या ठेवल्यात आणि कायमचा ताबा त्या लोकांना दिलाय, ती जमीन विकता येत नाही, कुणी घेतली तरी तो व्यवहार कायद्यानं धरतच नाहीत. आपल्याकडं किनवट-माहूरकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 36-अ मुळं आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, त्याच्याही पुढची ही गोष्ट. रबराचा चीक काढणाऱ्या लोकांसाठी वेगळी राखीव क्षेत्रं आहेत, त्यासाठी लढणारा चिको मेंडेस 1988 च्या डिसेंबरात स्वतःच्या घरात गोळी घालून मारला गेला आणि 1990 पासून ती क्षेत्रं जाहीर व्हायला लागली. तिथंही जमीन सरकारची आन वापर गावाचा. मग एकराचा भाव कुणाला विचारायचा?

माझा भाचा वाळूजला कंपनीत आहे. 2024 ला बजाजची फॅक्टरी ब्राझीलच्या मनौस शहरात सुरू झाली तेव्हा तोही कामानिमित्त काही महिने तिकडं होता, आन सुट्टीत नदीनं वर तेफेकडं एका गावात जाऊन आला. मनौस जंगलाच्या मधोमध वीस लाखांचं शहर आहे पण तेफेला तिथून रस्ताच नाही, बोट नाहीतर विमान. बोटीला दीड-दोन दिवस लागतात. स्वतःची झोळी स्वतः न्यायची, डेकवरच्या दांडीला बांधायची, शेजारच्याचं कोपर तुमच्या बरगडीत. खाली कांद्याची पोती, फ्रिज, कोंबड्या, मोटारसायकली. रात्री मध्येच बोट हळू झाली, अंधारातून टॉर्च मारत एक छोटी होडी येऊन बाजूला लागली आन एक बाई कडेवर लेकरू, हातात गॅसची टाकी घेऊन चालत्या बोटीवरून त्या होडीत उतरली, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणे, रोजचंच असेल.

तो ज्या घरी राहिला त्या घराच्या खांबांवर रेघा होत्या. पुराच्या. एकेका वर्षाची एकेक रेघ, खिळ्यानं कोरलेली. तिथं नदी वर्षात दहा-दहा मीटर चढते उतरते, ते नेहमीचंच, त्याला कुणी संकट म्हणत नाही. पण 2021 ला मनौसच्या मोजपट्टीवर पाणी 30.02 मीटरवर गेलं, 1902 पासून मोजतात त्यातलं सगळ्यात जास्त. अशा वेळी घरातच फळ्या टाकून जमीन वर घेतात, पुन्हा वर घेतात, शेवटी माणूस वाकून चालतो, आन गुरांना लाकडाच्या मचाणावर उभं करून होडीतून चारा आणून टाकतात. काही घरं तर ओंडक्यांवर तरंगतीच, पाण्यासोबत वर न पाण्यासोबत खाली. पूर ओसरला की काठ ढासळतो, अंगण जातं, झाडं जातात, कधी घरही जातं. अशा जागेची मोजणी कोण करणार, हद्दीचा दगड कुठं रोवणार?

भाच्यानं माझ्या सांगण्यावरून विचारलंच, की कागद काय आहे तुमच्याकडं. त्या माणसानं लॅमिनेशन केलेला एक कागद आतून आणून दाखवला, सरकारी मालमत्ता खात्याचा, की या कुटुंबाला या काठावर राहायची, मासे धरायची, पेरायची परवानगी. विकायची नाही, दुसऱ्याच्या नावावर करायची नाही. पाणी उतरलं की त्याच गाळात मका, शेंगा, कलिंगड, आन आपण ज्या कंदाचा साबुदाणा उपासाला खातो त्या कंदाची लवकर येणारी जात लावतात, पुढचं पाणी यायच्या आत काढून घ्यायची.

हे ऐकून मला आमची गाळपेर आठवली. आमच्या वडिलांचं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. 1976 ला धरणाचं उद्घाटन झालं, जमिनी पाण्यात, माणसं काठावर. पाणी उतरलं की तीच काळी गाळाची जमीन उघडी पडते आन ज्यांची होती तेच लोक पाटबंधारे खात्याला पैसे भरून एका हंगामापुरती ती कसतात, गहू, हरभरा. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पाणी लवकर चढलं तर विचारणारं कुणी नाही. लॅमिनेशनचा कागद त्या ब्राझीलवाल्याकडं तरी आहे, आमच्याकडं दरवर्षीची पावती.

आन दळणवळणाचं म्हणाल तर ब्राझीलमध्ये सगळं गोड आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. 2023 च्या दुष्काळात नदी इतकी आटली की मनौसला पाणी 12.70 मीटरवर आलं, पुढच्याच वर्षी त्याच्याही खाली गेलं, तेफेच्या तलावात पाणी तापून शंभराच्या वर डॉल्फिन मेले, गावापर्यंत बोटच येईना, लोक चिखलवाळूतून म्हाताऱ्यांना उचलून नेत होते आन एवढ्या मोठ्या नदीच्या काठी प्यायला पाणी नाही. रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पण एरवी तिथं दवाखान्याची बोट फिरते, पेन्शनचं ऑफिस बोटीत येतं, सरकारी बँकेची शाखा बोटीत येते, पोरांना शाळेत न्यायला सरकारी बोट आहे. वेळेवर येते का, डिझेल असतं का, तो भाग वेगळा, पण गाव नदीवर आहे तर ऑफिस नदीवर गेलं पाहिजे हे निदान सुचलेलं आहे.

आमच्याच तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची पोरं थर्माकोलवर बसून बॅकवॉटर ओलांडत शाळेत जात होती, 2023 ला हे सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. थर्माकोल, साहेब. फ्रिजच्या खोक्यात येतं ते. तेव्हा पुढारी आले, फोटो काढले, आश्वासनं दिली. तुमच्या पुरवणीत मात्र त्याला रंगीत पान मिळालं नाही, बहुतेक पोपट नव्हते म्हणून.

माझी मागणी एवढीच आहे. नाथसागराच्या काठानं ज्या वस्त्या तीन बाजूंनी पाण्यात आहेत तिथं बातमीदार पाठवा, गाळपेरीच्या पावत्या बघा, कुणाला किती मिळते आन खरं कोण पेरतं ते लिहा, पावसाळ्यात बाळंतीण कशी नेतात ते विचारा, आन होडीसाठी केलेला अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे ते शोधा, टेबल शोधायला मी सोबत येतो. लाईफ जॅकेट तेवढं त्यानं स्वतःचं घेऊन यावं, इकडं मिळत नाही.

आपला,
एक दस्तलेखक,
गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर