बाई, पत्र्याची कंपासपेटी आणलीये

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र जूनमध्येच लिहायचं होतं. दोनदा बसले, दोनदा रडू आलं आणि राहून गेलं. आता पहिलं सत्र संपलंय. चकलीचं पीठ झाकून ठेवलंय आणि लिहायला घेतलंय.

शाळा सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाखल्याची झेरॉक्स द्यायला मी आले होते. आत हजेरी चालू होती, म्हणून व्हरांड्यातच थांबले. पोटात गोळा आला. अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या आईला विचारा, हजेरी म्हणजे काय असतं. एरवी एखादा शब्द अडला तर पोरगं दुसरा शोधून वेळ मारून नेतं. हजेरीत ती पळवाट नसते. ठरलेला शब्द, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर.

पुण्यातल्या आधीच्या शाळेत तो शब्द होता 'प्रेझेंट मॅम'. सुरुवातीलाच जोडाक्षर! चौथीभर हा 'प्रे... प्रे...' करत राहायचा, वर्ग फिदीफिदी हसायचा आणि उशीर लावतो म्हणून हाच बाहेर उभा. मी भेटायला गेले तर डायरी पुढे सरकवली. त्यात छापील नियम, खाली पालकाची सही, म्हणजे माझीच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या १७ व्या कलमात मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. त्या एसीच्या केबिनमध्ये मी हे बोलले, तर मला पाणी हवंय का विचारलं. असो.

तुमच्या वर्गात तुम्ही म्हणालात, "हजेरी कशी द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवा. आलाय एवढं मला कळलं म्हणजे झालं." एकानं टाळी वाजवली, एकीनं 'जय हिंद' म्हटलं, मागच्या एकानं कोंबड्यासारखी बांग दिली. तीही तुम्ही मांडलीत. मग माझ्या लेकाचं नाव आलं. त्यानं कंपासपेटीवर पेन्सिल ठोकली. टक टक. तुम्ही मान वर केली नाहीत. खूण केलीत आणि पुढचं नाव घेतलंत.

ते मान वर न करणं, बाई! तुम्ही नुसतं कौतुकानं पाहिलं असतंत, तरी हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे त्याला कळलं असतं.

वर्गाचे नियम तुम्ही पोरांकडूनच वदवून घेतलेत, त्यांच्याच बोलीत तक्त्यावर लिहिलेत, हे मागाहून कळलं. त्यातला एक आमच्या घरीही आलाय: 'दुसऱ्याच्या तोंडचा शब्द पळवायचा न्हाई.' आम्हाला फक्त घास पळवू नये एवढंच शिकवलं होतं. आजोबा त्याचं वाक्य पुरं करायला गेले की आता धाकटी त्यांना दटावते.

भली माणसं तशी कुठंही भेटतात. म्हातारीची पिशवी उतरेपर्यंत डबल बेल न मारणारा एसटीचा कंडक्टर असतो, सुट्टे नसले की 'राहू द्या' म्हणणारी भाजीवाली असते. पण त्यांच्या हातात कुणाच्या पोराचं अख्खं वर्ष नसतं.

तो अजून अडखळतो. अडखळू दे. परवा मात्र तक्रार केली, प्लॅस्टिकच्या पेटीचा आवाज नीट येत नाही. म्हणून दिवाळीला पत्र्याची घेतलीये. कानठळ्या बसल्या तर निरोप पाठवा.

आपली,
'टक टक'ची आई